मिनिटाला सोळा

मी आजवर दोनशे बारा वेळा मेलो आहे. बहुतेक वेळा गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी. मरायची मला इतकी सवय झालीय की खरं मरण दारात आलं तर मी त्याला आधी हात धुऊन यायला सांगेन, असं माझी बायको म्हणते.

टर्न्स कोव्हच्या नर्सिंग शाळेत मी सरावाचा पेशंट आहे. त्याआधी एकतीस वर्षं न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याने जाणाऱ्या मालबोटीवर आचारी होतो. पुढे गुडघे कामातून गेले, बोट भंगारात गेली आणि मी शाळेच्या कॉटवर गेलो. पोरी-पोरं येतात, मला टोचतात, बांधतात, कुशीवर वळवतात, आणि मी सांगितलेलं दुखणं करून दाखवतो. माझं काम चोख असतं. एकदा कावीळ अशी वठवली की खिडकीत बसलेला सीगल पिवळा पडला. तो अजून बंदरावर दिसतो. हवं तर कुणालाही विचारा. नाहीतर राहू द्या, नका विचारू. बंदरावरची माणसं माझ्याबद्दल वाटेल ते बोलतात.

तर या असल्या गप्पांमुळे अँब्रोज टिझर्डचा शब्द आमच्या गावात कुणी धरत नाही. हवामान कसं आहे असं मला विचारलं तरी लोक उत्तर ऐकून घेतात आणि मग खिडकीबाहेर बघतात. पण आज सांगतोय ती गोष्ट खरी आहे. तिला बेचाळीस साक्षीदार आहेत, आणि त्यांच्या सह्या पत्र्याच्या डब्यात आहेत.

गोष्ट फिलोमिना स्नूकची. सरावखोलीतली आमची बाई. वय बावन्न, आवाज असा की तिने 'बसा' म्हटलं की खुर्च्यासुद्धा बसतात. एकोणीस वर्षं ती पोरांना नर्सिंगची हातची कामं शिकवत होती: चादर कशी घालायची, जखम कशी धुवायची, घाबरलेल्या माणसाशी कसं बोलायचं. पहिल्याच आठवड्यात ती त्यांना एक लबाडी शिकवायची. माझ्या मते अख्ख्या नर्सिंगमधली तेवढी एकच लबाडी अधिकृत आहे, म्हणून मला ती फार आवडते.

ती अशी. पेशंटचं मनगट धरून नाडी मोजायची. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. चेहरा तसाच, नजर घड्याळावर, जणू नाडीच मोजतोय. आणि गुपचूप बघायचं छातीकडे. श्वास मोजायचे. कारण 'आता तुमचे श्वास मोजते हं' असं सांगितलं की माणसाचा श्वास बिघडतो. कुणी ओढून घेतो, कुणी धरूनच ठेवतो. मी तर एकदा लाजलो होतो.

ही लबाडी फिलोमिनाला तिच्या बाईंनी शिकवली होती, हिल्डा ग्रँडी यांनी. हिल्डाबाई आता चौऱ्याहत्तर वर्षांच्या. किनाऱ्यावरच्या निम्म्या नर्सांना त्यांनी शिकवलंय आणि उरलेल्या निम्म्यांना त्यांच्या विद्यार्थिनींनी. त्यांच्यासमोर मीसुद्धा पायमोजे वर ओढून बसतो.

अकरा वर्षांपूर्वी एका गुरुवारी मला न्यूमोनिया होता. म्हणजे फिलोमिनाने दिला होता. तिने मला शिकवलं होतं की समोरच्या घड्याळावर डोळा ठेवून मिनिटाला नेमके सव्वीस श्वास घ्यायचे. मला त्यात काही अवघड नव्हतं. आमच्या बोटीचं जुनं इंजिन असंच धापा टाकायचं, त्याचा ठेका डोक्यात कायमचा बसला होता. पंधरा पोरं आली, पंधराही जणांनी मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं, छातीकडे पाहिलं आणि तक्त्यावर लिहिलं: श्वास, मिनिटाला सोळा.

वर्ग सुटल्यावर फिलोमिना ते पंधरा कागद हातात धरून माझ्या कॉटवर बसली.

"काका, खरं सांगा. सव्वीस ठेवले होतेत?"

"एकसुद्धा कमी नाही. शेवटी शेवटी तर कानातून वाफ येत होती."

"मग यांनी सोळा कुठून आणला?"

"वर्गातून आणला असेल. तूच सांगितलंस ना, धडधाकट माणसाला सोळा असतात म्हणून?"

तिने पंधराही कागद पुन्हा एकदा चाळले. मग म्हणाली, "म्हणजे ही पोरं बघतात सगळं. मोजत मात्र नाहीत."

त्या दिवसापासून तिने कागद साठवायला सुरुवात केली. दर सत्राला मला नवा आकडा द्यायची, कधी बावीस, कधी तीस, एकदा नऊ. नऊला मी डुलकीच काढली. पोरांकडून रीतसर संमती घ्यायची, नावं कापायची, कागद बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत टाकायचे. माझ्याकडूनही संमती घ्यायची असा शाळेचा नियम होता. त्यासाठी बारा पानी कागद आला. त्यात लिहिलं होतं की मी कोणत्याही क्षणी या अभ्यासातून अंग काढून घेऊ शकतो. मी विचारलं, मेल्यावरसुद्धा का? फिलोमिनाने गंभीरपणे तसं पत्र वर पाठवलं आणि वरून उत्तर आलं की हो, मेल्यावरसुद्धा.

अकरा वर्षांत एक हजार आठशे चाळीस कागद जमले. त्यातल्या चौदाशेंवर सोळा.

मग यंदाच्या हिवाळ्यात पेच आला. आमची शाळा विद्यापीठाला जोडली गेली. नवा पदवीचा अभ्यासक्रम, नवे नियम. पदवीला शिकवायचं तर हातात संशोधन हवं, आणि ते विद्यापीठाच्या समितीने संशोधन म्हणून मान्य केलेलं हवं. फिलोमिनाने अकरा वर्षांचा अभ्यास चाळीस पानांत बसवून पाठवला. उत्तर तीन ओळींचं आलं. काम रंजक आहे, लेखिकेची तळमळ दिसते, पण हे अध्यापन आहे, संशोधन नव्हे.

म्हणजे सप्टेंबरपासून सरावखोली दुसऱ्या कुणाची, आणि फिलोमिना ऑफिसात बसून वेळापत्रकं आखणार. आमच्या मुख्याध्यापिका जेराल्डिन पेनी यांनी भांडून एवढंच मिळवलं की मे महिन्यातल्या सभेला समितीचा माणूस स्वतः येईल, फिलोमिनाचं बोलणं ऐकेल आणि अखेरचं काय ते ठरवेल.

मे महिन्याची सभा म्हणजे आमच्याकडचा सणच. किनाऱ्यावरच्या सगळ्या शाळांतल्या नर्सिंगच्या शिक्षिका जमतात आणि वर्षभर कुणी काय अभ्यास केला, तो करताना काय नाकी नऊ आले, ते एकमेकींना सांगतात. यात एक जुना खेळ आहे. सकाळी चहाच्या टेबलाशेजारी मला कॉटवर निजवतात. येणारी प्रत्येक पाहुणी मला तपासते, नाडी, श्वास, ताप चिठ्ठीवर लिहून सही करते आणि चिठ्ठी डब्यात टाकते. जिचे आकडे खऱ्याच्या सगळ्यात जवळ, तिला पार्ट्रिजबेरीच्या मुरंब्याची बरणी. मुरंबा माझी बायको करते.

सभेच्या आठवडाभर आधी फिलोमिना घरी आली. चहाला हातसुद्धा लावला नाही.

"काका, तासभर सव्वीस ठेवता येतील?"

"तासभर? अगं, लॅब्राडोरच्या वादळात मी चार दिवस श्वासच घेतला नव्हता. कप्तान म्हणाला, हवा वाचवा."

"काका."

"ठेवीन गं. कुणी नसलं की मधे विसावा घेईन."

"कुणाला सांगायचं नाही. जेराल्डिनबाईंनाही नाही. आणि अजून एक." तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी माझ्या बायकोला काय त्रास दिलाय ते मला समजलं. "त्या दिवशी एकही थाप मारायची नाही. श्वासांबद्दल नाही, माशांबद्दल नाही, कशाबद्दलच नाही. त्या दिवशी मला तुमचा शब्द लागणार आहे."

माझा शब्द! अठ्ठ्याहत्तर वर्षांत तो कुणी मागितला नव्हता. मी हो म्हटलं.

सभेच्या दिवशी धुकं होतं. सगळ्यात आधी पोचले ते समितीचे गृहस्थ, डॉक्टर लिंडक्विस्ट, कॅनडाच्या मुख्य भूमीवरचे. उंच, वाकलेले, कोटाच्या खिशात भिंग. तीस वर्षं त्यांनी समुद्रातल्या गोगलगाईंचा अभ्यास केलेला. हॉलमध्ये चिटपाखरू नव्हतं. जेराल्डिनबाईंनी त्यांच्या हातात काकवी घातलेल्या टाउटनची, म्हणजे आमच्याकडच्या तळलेल्या पावाची, बशी दिली, डब्यातल्या दुधाचा चहा दिला आणि गंमत म्हणून एक चिठ्ठीही दिली.

ते माझ्याजवळ आले. "मिस्टर टिझर्ड, मला यातलं काही येत नाही."

"सोपं आहे, डॉक्टर. मी जिवंत आहे का तेवढं बघा, बाकी सगळं वरकड आहे."

त्यांनी हसूनसुद्धा दाखवलं नाही. मनगट धरलं ते इतक्या हलक्या हाताने की मी शंखात जाईन अशी त्यांना भीती असावी. बराच वेळ उभे राहिले. मग सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. मग लिहिलं, चिकट बोटांनी चिठ्ठी दुमडली, डब्यात टाकली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले.

त्यानंतर एकदम लोंढा आला. एक्केचाळीस बायका, एक्केचाळीस ओले कोट, आणि वर्षभराच्या साठलेल्या गप्पा. माझं मनगट एका हातातून दुसऱ्या हातात फिरत होतं.

"काय गं, लेकीचं लग्न झालं म्हणे! अँब्रोजकाका, बरे आहात ना? नाडी बहात्तर. आणि जावई करतो काय?"

"टाउटन संपायच्या आत घे बाई. श्वास... सोळा. बाजूला हो, मला सही करू दे."

चिठ्ठीच्या तळाशी बारीक अक्षरात छापलं होतं की या चिठ्ठ्या दुपारी नाव न घेता सगळ्यांसमोर वाचल्या जातील, कुणाची हरकत असेल तर कोरी टाकावी. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा, म्हणून पोरांचे कान पिळणाऱ्या या बायका. एकीनेही ते वाचलं नाही. सगळ्यांनी बरोबर त्याच्यावर सही केली.

मी सव्वीस ठेवले होते. घशाला कोरड पडली होती, पण इंजिन चालू होतं. शेवटी हिल्डाबाई आल्या. त्यांनी मनगट धरलं तेव्हा मला वाटलं, संपलं, ही बाई मोजणार. त्यांनी चिठ्ठी टाकली आणि म्हणाल्या, "अँब्रोज, तब्येत छान आहे तुझी. बोटीवर असताना तरी कधी आजारी पडलास का रे?"

आता तुम्हीच सांगा. तासभर गप्प पडलेला माणूस, समोर दहा-बारा बायका, हातात चहाचा कप, आणि असा प्रश्न. मी म्हटलं, "एकदाच, हिल्डाबाई. एवढा ताप चढला की कप्तानाने मला डेकवर निजवलं, माझ्या कपाळावर बर्फ वितळवला आणि त्या पाण्याचा चहा बाराजण प्यायले. तेवढ्यात एका देवमाशाला माझी दया आली. त्याने दोर तोंडात धरून बोट बंदरापर्यंत ओढत आणली आणि डॉक्टर येईपर्यंत धक्क्यालगत थांबून राहिला."

बायका हसून हसून वाकल्या. हसणाऱ्यांच्या खांद्यांवरून मला पलीकडे फिलोमिना दिसली. ती हसत नव्हती.

सभा सुरू झाली. एकीने सांगितलं की अभ्यासासाठी मदत मागणारा तिचा अर्ज सात वेळा परत आला, आठव्यांदा तिने तोच अर्ज नुसतं नाव बदलून पाठवला आणि तो मंजूर झाला. दुसरीने म्हाताऱ्यांच्या पडण्यावर अभ्यास केला होता आणि आकडे जुळवता जुळवता स्वतःच जिन्यावरून पडली. तिने स्वतःला नोंदीत धरलं नाही, कारण वय भरत नव्हतं. तिसरीचा अख्खा अभ्यास बर्फ काढणाऱ्या गाडीच्या मागे अडकून पडलेल्या मोटारीत लिहून झाला होता. या बायका दिवसा वॉर्डात आणि वर्गात असतात, संध्याकाळी स्वयंपाकघरात, आणि त्यातून उरलेल्या फटीत संशोधन करतात. मी हे सगळं कॉटवर पडून ऐकत होतो आणि मला उगाचच वाटत होतं की हे सगळं माझ्याच घरचं आहे.

जेवणात खारवलेलं मांस आणि कोबी होता. मी बशी तशीच परत केली. फिलोमिना माझ्या जवळून गेली तेव्हा मी हळूच म्हटलं, "चुकलो गं."

"नंतर, काका," एवढंच ती म्हणाली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

दोन वाजता तिची पाळी आली. ती उभी राहिली, आणि चाळीस पानं टेबलावर तशीच ठेवून बोलायला लागली.

"सव्वीस वर्षांपूर्वी मी नवी नर्स होते. खाडीपलीकडच्या दवाखान्यात. एका कोळ्याची बायको पोटाच्या ऑपरेशननंतर झोपली होती. दुपारी दोनला मी तिचं मनगट धरलं, नाडी मोजली आणि तक्त्यावर श्वास लिहिले, सोळा. मोजले नव्हते. बाई शांत दिसत होती, शांत माणसाला सोळा असतात. तीनला फरशी पुसणारी बाई मला बोलवायला आली. म्हणाली, सिस्टर, तुमच्या त्या पेशंटबाई कुत्र्यासारख्या धापा टाकतायत, हे बरोबर आहे का? मी धावले. मोजले. चौतीस होते. रक्त फुफ्फुसात गोठलं होतं. बाई वाचली. फरशी पुसणाऱ्या बाईमुळे वाचली. मी हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं."

तिने फळ्यापाशी जाऊन खडू उचलला.

मग तिने डब्यांबद्दल सांगितलं. एक हजार आठशे चाळीस कागद, काय काय आकडे दिले, काय काय लिहिलं गेलं. शेवटी म्हणाली, "समितीचं म्हणणं असेल की विद्यार्थी चुकतात, त्यात शोध कसला? म्हणून आज एक डबा तुमच्यासमोर उघडते. उघडायच्या आधी सांगून ठेवते. आज सकाळी अँब्रोजकाका मिनिटाला सव्वीस श्वास घेत होते."

जेराल्डिनबाईंनी डबा उघडला आणि एकेक चिठ्ठी वाचायला सुरुवात केली. फिलोमिना फळ्यावर खुणा करत होती. नाड्या सगळ्यांच्या बरोबर. ताप बरोबर. श्वास: सोळा. सोळा. अठरा. सोळा. सोळा. सोळा. वीस. सोळा. सुरुवातीला बायका हसल्या. दहाव्या चिठ्ठीला हसणं थांबलं. विसाव्याला एकमेकींकडे बघणंही थांबलं. एकतीस वेळा सोळा, सात वेळा अठरा, तीन वेळा वीस. सव्वीस एकदाही नाही.

जेराल्डिनबाईंनी डबा उपडा करून बघितला. "संपल्या."

हिल्डाबाई उठल्या. आवाज थंड होता. "फिलोमिना, या खोलीत एकूण किती वर्षांचा अनुभव बसला असेल?"

"हजारेक वर्षांचा असेल, बाई."

"हजार वर्षं एका बाजूला. आणि सव्वीस होते हे कशावरून म्हणायचं? मोजलं कुणी?"

"मी मोजत होते, बाई. लांबून. आणि काकांचा शब्द आहे."

"अँब्रोजचा?" त्या माझ्याकडे वळल्या. "ज्याच्या बोटीला देवमासा ओढून नेतो, त्या अँब्रोजचा? त्याच्या शब्दावर तू आम्हा एक्केचाळीस जणींना खोटं पाडणार?"

माझ्या आयुष्यात मी बर्फाच्या पाण्यात दोनदा पडलोय. त्यातला एका वेळचा किस्सा खराही आहे. पण असं गारठल्यासारखं कधी झालं नव्हतं. मी कॉटवर उठून बसलो. म्हटलं, "हिल्डाबाई, देवमासा खोटा. ताप खोटा. सीगलसुद्धा... तो जन्मतःच पिवळट असेल. पण सव्वीस खरे आहेत."

दोघी-तिघींनी खिडकीबाहेर बघितलं. खोटारड्याने पहिल्यांदा खरं सांगितलं की ते असंच ऐकू येतं. फिलोमिना हातात खडू धरून उभी होती. तिचा चेहरा मला आजही आठवतो. वेळापत्रकं आखताना तो कसा दिसेल ते मला तिथेच दिसलं.

तेवढ्यात कोपऱ्यातून खाकरल्याचा आवाज आला. डॉक्टर लिंडक्विस्ट उभे राहिले होते.

"माफ करा. माझी चिठ्ठी वाचायची राहिली आहे."

"डबा रिकामा आहे, डॉक्टर," जेराल्डिनबाई म्हणाल्या.

"मी सगळ्यात आधी टाकली होती. तळाशी असेल. माझ्या बोटांना..." ते जरा लाल झाले, "काकवी होती."

जेराल्डिनबाईंनी डब्यात हात घातला, नखाने खरवडलं आणि एक चिकट चिठ्ठी सोलून काढली. उलगडताना ती जरा फाटली. त्यांनी वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली.

"नाडी चौऱ्याहत्तर. श्वास सव्वीस."

डॉक्टर लिंडक्विस्ट पुढे आले. "इथे सोळावर सोळा वाचले जात होते तेव्हा मला वाटलं, माझंच चुकलं. इतक्या जाणत्या लोकांचं कसं चुकेल? मला नर्सिंगमधलं काहीही कळत नाही. माणसाला मिनिटाला किती श्वास असायला हवेत हे मला ठाऊकच नव्हतं. म्हणून मोजले. अख्खं मिनिट. मग वाटलं, एकदा मोजून काय कळतं, म्हणून पुन्हा मोजले. गोगलगाईंच्या बाबतीत आम्ही असंच करतो."

हिल्डाबाई अजून उभ्याच होत्या. त्यांनी फळ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग फिलोमिनाकडे, आणि तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मला वाटलं, आता या तडक निघून जाणार. त्या चालत पुढे गेल्या, फिलोमिनाच्या हातातून खडू घेतला आणि फळ्यावरच्या एका खुणेभोवती गोल काढला.

"नावं वाचायची नाहीत असं त्या बारीक अक्षरात लिहिलंय म्हणे," त्या म्हणाल्या. "मी माझं सांगते. हा सोळा माझा. त्याचं मनगट धरून मी चहाच्या किटलीकडे बघत होते." खडू टेबलावर ठेवून त्या पुढे म्हणाल्या, "मनगट सोडू नका, हे मी सगळ्यांना शिकवलं. धरून ठेवलं की मोजलं, असं सगळ्या समजायला लागल्या, तेव्हा मी कुठे होते कुणास ठाऊक. फिलोमिना, तू माझी विद्यार्थिनी आहेस हे मी आता सगळीकडे सांगत फिरणार आहे. तुझी हरकत असली तरी."

मागच्या रांगेतून आवाज आला, "त्याच्या शेजारचा सोळा माझा. लेकीच्या लग्नाचं सांगत होते."

"अठरांतला एक माझा. सोळा लिहिणार होते, पण सगळ्या तेच लिहितील म्हणून बदलला."

हॉल पुन्हा हसला. मग एकेक उठायला लागली. सोळा माझा. तिसऱ्या ओळीतला माझा. वीस माझा, आणि बावीस वर्षं शिकवतेय मी. एक्केचाळीस बायका, एकीनेही मान खाली घातली नाही. मी पुष्कळ मोठमोठी माणसं पाहिली आहेत, काही तर स्वतः रचलेली. पण चूक अशी ताठ मानेने आपली म्हणणारी माणसं एका खोलीत इतकी मी पाहिली नव्हती. फिलोमिना रडत होती आणि फळ्यावर खुणा करत होती, दोन्ही एकदम.

सगळ्या बसल्यावर डॉक्टर लिंडक्विस्ट म्हणाले, "एक राहिलं. समितीचं ते पत्र, हे संशोधन नव्हे म्हणणारं. ती तिसरी ओळ माझी आहे. आमच्याकडे वर्षाला दोनशे अर्ज येतात. अध्यापन हा शब्द दिसला की ती ओळ हाताला येते. मी चाळीस पानं चाळली होती, मिस स्नूक. डबे उघडून बघायला मागितले नव्हते." ते थांबले. "तो माझा सोळा."

नंतर ते तीन दिवस राहिले. अकरा वर्षांचे सगळे डबे उघडून कागद मोजले. दोनदा. एक हजार आठशे एक्केचाळीस निघाले. एक कागद दुसऱ्याला चिकटला होता. समितीचं नवं पत्र जूनमध्ये आलं. ते मात्र पाच पानी होतं.

मुरंब्याची बरणी अर्थात त्यांनाच मिळाली. ती कशी उघडायची हे त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही, हिल्डाबाईंनी उघडून दिली.

सरावखोली फिलोमिनाचीच राहिली. आता तिथली पोरं माझं मनगट धरतात ते अख्खं मिनिट धरतात, ओठ हलताना दिसतात, आणि एखादं सतरा लिहितं, एखादं एकवीस. हिल्डाबाई कधीकधी मागे येऊन उभ्या राहतात आणि त्यांच्याबरोबर मोजतात. मेलेल्यालासुद्धा पोरं मिनिटभर मोजतात, त्यामुळे मला मरायला फार वेळ लागतो. परवा दोनशे बाराव्यांदा मेलो, तर जेवण थंड झालं.

तो अभ्यास पुढे छापून आला. शेवटच्या पानावर आभार आहेत. त्यात एक ओळ आहे: 'अँब्रोज टिझर्ड यांचे, ज्यांनी अकरा वर्षे आम्ही सांगितलेला प्रत्येक श्वास प्रामाणिकपणे घेतला.' प्रामाणिकपणे. माझं नाव आणि हा शब्द एका ओळीत आलेला दुसरा कागद जगात नाही. बायकोने तो चौकटीत घालून चुलीच्या वर लावलाय. घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी तो वाचून दाखवतो. लोक ऐकून घेतात, आणि मग उठून जवळ जातात, स्वतः वाचून बघायला.

बघू देत. मला आता त्याचा राग येत नाही.